पस्तीस अंश

६ जानेवारी

वन्सं,

ही हाक वाचून हसली असशील तर बरं, नसशील तरी पुढे वाच. लग्नाच्या दिवशी तूच मला बजावलं होतंस, "आजपासून मी तुझी नणंद. वन्सं म्हणायचं, पण अगंतुगं सोडायचं नाही, नाहीतर प्रयोगशाळेत मला हसू आवरणार नाही." मी दोन्ही पाळते आहे. हसणं तेवढं आपल्याकडून राहिलं.

पत्राला निमित्त तुझी भाची. सुट्टीत तुझ्याकडे राहून आली, तेव्हापासून घरात आत्यापुराण चालू आहे. आत्या शाळेतल्या मुलींना कांद्याचा पापुद्रा दाखवते. आत्याच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपला दिवा नाही, आरसा आहे, आणि ढग आला की तास थांबतो. परवा जेवताना ती म्हणाली, "आत्यानं विचारलं, तुझी आई अजून त्याच खोलीत बसते का?" तुझ्या भावानं ताटातून मान वर केली नाही. मीही केली नाही. पण अकरा वर्षांत तू माझ्याबद्दल विचारलेलं हे पहिलं वाक्य, त्यामुळे त्याचं उत्तर मी पोरीच्या हाती पाठवणार नाही.

हो, त्याच खोलीत बसते. काळा पडदा बदलला, कारण जुन्याला एवढी भोकं पडली होती की आत चांदणं पडायचं. टेबल तेच, हवेवर तरंगणारं, कोणी जवळून जोरात चाललं की अजून थरथरतं. तुझं उंच स्टूलही तेच आहे. तू गेल्यावर मी ते स्क्रू फिरवून खाली घेतलं, माझे पाय टेकत नव्हते म्हणून. बाकी काही कारण नव्हतं.

आणि आता आमच्याकडे इस्त्री आहे. खरं नाव लांबलचक आहे, ते कोणी घेत नाही. तुला आठवतं ना, माशाचं पिल्लू कितीही काचेसारखं असलं तरी त्याच्या आत खोल बघायला गेलं की प्रकाश वाकडातिकडा होतो, न्हाणीघराच्या खरबरीत काचेतून बघितल्यासारखं? मग आपण नमुन्यात चमकते मणी सोडायचो. मणी गोल असतो हे माहीत असतं, तो लांबट दिसला तर किती आणि कुठे वाकलंय ते कळायचं, आणि मग स्क्रू पिळत बसायचं, निम्मा दिवस. आता तसं नाही. मी चार हजार स्वच्छ चित्रं निवडली. प्रत्येक चित्र मुद्दाम बिघडवलं: कुठे ताणलं, कुठे पसरवलं, कुठे एका बाजूला शेपूट काढून दिलं. मग संगणकाला बिघडलेलं दाखवायचं आणि विचारायचं, बाई गं, मूळ कसं असेल? चुकली की सांगायचं. पुन्हा विचारायचं. लाखो वेळा. कंटाळत नाही, रुसत नाही, सुट्टी मागत नाही. आता कुठलंही चुरगळलेलं चित्र दिलं की दोन सेकंदांत घडी मोडून सरळ. पहिल्यांदा माशाच्या मेंदूतली एकेक पेशी मोत्यासारखी सुटी दिसली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. एक मार्चला आम्ही इस्त्री बाहेरच्या पाच प्रयोगशाळांना पाठवणार आहोत.

एक सांगू का? मी तुझी जुनी चित्रंही तिच्याखालून काढली. कल्ल्यामागच्या त्या पेशी, ज्यांना तू शेपट्या आहेत म्हणायचीस. शेपट्या गेल्या. गोल, स्वच्छ पेशी. तेव्हा आपल्याकडे ही असती तर भांडणाची वेळच आली नसती, एवढंच मनात आलं. टोमणा नाही हा.

तब्येत सांभाळ.

तुझी,
वहिनी


२९ जानेवारी

वन्सं,

उत्तर नाही. ठीक आहे. अकरा वर्षांचा प्रश्न तीन आठवड्यांत सुटावा अशी माझीही अपेक्षा नाही.

इकडे सगळं छान आहे, आणि हे मी रीत म्हणून लिहीत नाही. सकाळी चालत कामाला जाते. वाटेत बेकरीचा वास येतो. तुझी भाची दातांना तार लावून हिंडते आणि बोलताना शिट्टी वाजते म्हणून जास्तच बोलते. तुझा भाऊ दर रविवारी तुला फोन करायला बाल्कनीत जातो, दार ओढून घेतो, आणि आत आला की "ऑफिसचा होता," म्हणतो. रविवारी कुठलं ऑफिस गं? मी पण "हो का?" म्हणते. संसार असाच चालतो.

कामावर मात्र एक गंमत झाली. मासेकाकू आठवतात ना? अजून माशांच्या खोलीत त्याच, टाक्या धुतात, पिल्लं मोजतात, सगळ्या शास्त्रज्ञांना झापतात. पुढल्या वर्षी निवृत्त होतायत. परवा त्या माझ्या खोलीत चहा घेऊन आल्या. पडद्यावर एक चित्र होतं, इस्त्री केलेलं, आणि मी तोऱ्यात म्हटलं, "बघा काकू, तुमचं पिल्लू कसं देखणं दिसतंय."

त्यांनी चष्मा वर सरकवला, बघितलं. म्हणाल्या, "हे माझं नाही."

"तुमचंच आहे. सोमवारच्या टाकीतलं."

"मग याच्या शेपट्या कुठं गेल्या?"

"माशाची शेपूट इथे दिसत नाही काकू, हा कल्ल्यामागचा भाग आहे."

"मला शिकवू नका. माशाची शेपूट मला कळते. आतल्या दाण्यांना बारीक शेपट्या असतात, एकमेकांना धरून. तुमच्या नणंदबाईंनी दाखवल्या होत्या मला. भिंगातून, या डोळ्यांनी बघितल्यात." आणि जाता जाता म्हणाल्या, "एवढं महागाचं यंत्र, आणि आहे ते पण दाखवत नाही."

मी हसून सोडून दिलं. त्या काय, मायेनं बोलतात. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय, म्हणून तुला लिहिलं.

वहिनी


९ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता सरळ लिहिते.

काकू म्हणाल्या ते मी तपासलं. इस्त्रीत दोष नाही. ती जे शिकवलं तेच करते. दोष शिकवणीत आहे, आणि शिकवणारी मी. ती चार हजार स्वच्छ चित्रं मी एकटीनं निवडली, दोन महिने बसून, एकेक बघून. ज्या चित्रात पेशीला शेपूट दिसली, ते बिघडलेलं समजून मी बाजूला टाकलं. मनात शंकासुद्धा आली नाही. एकशे सत्तर चित्रं निघाली तशी, वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरला मी काय नाव दिलं होतं माहीत आहे? "कचरा". म्हणजे त्या बिचारीनं जन्मात एकही खरी शेपूट बघितलेली नाही. तिच्या जगात शेपूट म्हणजे डाग, आणि डाग म्हणजे पुसायचा. सुरकुती काढता काढता कापडावरची कशिदाकारी पण सपाट करून टाकते, आणि कापड इतकं गुळगुळीत दिसतं की कोणाला संशय यायचा नाही.

म्हणजे तुझी चित्रं तिच्याखालून काढली तेव्हा काहीच सिद्ध झालं नव्हतं. मी आरशात बघून स्वतःलाच "बरोबर आहे ना गं?" विचारलं, आणि आरशानं मान डोलावली.

मग मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. मायक्रोस्कोपचं, निळ्या पुठ्ठ्याचं. तुझं अक्षर जागोजागी आहे. "वहिनी, लेन्स पुसली नाहीस, तुला शिक्षा: उद्याचा चहा." "वहिनी, आज तिसऱ्या पिल्लानं माझ्याकडे बघितलं, शपथ." हसत हसत पानं उलटली आणि त्या पानावर आले.

आपण दोघींनी पेशीची शेपूट पहिल्यांदा बघितली तेव्हा तू मला सांगितलं होतंस, साधी गोष्ट आहे, नमुना फिरवून बघ. शेपूट लेन्सच्या दोषानं आलेली असेल तर नमुना फिरवला तरी ती आपल्या जागी, त्याच दिशेला राहील. पेशीची असेल तर पेशीबरोबर फिरेल. पाळण्यातल्या बाळाच्या गालावर खिडकीची सावली पडली असेल तर बाळाला वळवलं तरी सावली खिडकीकडूनच येते. तीळ असेल तर बाळाबरोबर वळतो. असं तू म्हणाली होतीस, माझ्या मांडीवरच्या पोरीकडे बघून. मायक्रोस्कोप माझ्या ताब्यात होता, म्हणून तपासणी मी करायची ठरलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "फिरवून बघितलं का?" मी म्हटलं, "बघितलं. शेपट्या जागच्या हलत नाहीत. लेन्सचा दोष आहे." तू माझ्याकडे बघितलंस. काही बोलली नाहीस. तुझं तीन वर्षांचं काम त्या दुपारी थांबलं, महिन्याभरात तू राजीनामा दिलास, आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की तिनं उगाच मनाला लावून घेतलं.

वन्सं, त्या दिवशी फिरवून बघायचं राहून गेलं होतं.

नाही. राहून गेलं असं लिहिणं म्हणजे पुन्हा इस्त्रीच. मी बघितलं नव्हतं आणि बघितलं म्हणाले. आदल्या संध्याकाळी पोर सांभाळणाऱ्या बाईंना जायचं होतं, मला घरी पळायचं होतं, आणि माझी खात्री होती की दोष लेन्सचाच आहे. खात्री असली की तपासायला कशाला लागतं? दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टरमध्ये लिहून टाकलं: "नमुना फिरवून पाहिला. बदल नाही." खाली माझी सही. शेजारी "किती अंश" असा रकाना आहे. तो रिकामा आहे. फिरवलंच नव्हतं तर आकडा कुठून घालू? तेवढं खोटं मला सुचलं नाही, किंवा जमलं नाही.

क्षमा माग म्हणून कोणी सांगितलेलं नाही. मागते आहे.

वहिनी


१४ फेब्रुवारी

वन्सं,

तीन दिवसांपूर्वी फिरवलं. अकरा वर्षं उशिरा, नवीन पिल्लू, कल्ल्यामागचा तोच भाग, इस्त्री बंद. बशी नव्वद अंशांनी फिरवली. आडव्या शेपट्या उभ्या झाल्या असं मला वाटलं. वाटलं, असंच लिहिते, कारण आता माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा कमी झालाय.

साहेबांकडे गेले. इस्त्री एक मार्चला पाठवता येणार नाही म्हटलं, आणि कारणही सांगितलं. जुनं सुद्धा. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "नवीन दोष सांगितलास ते उत्तम. तो दुरुस्त कर, महिना घे. पण ते जुनं कशाला? मढी उकरून काय मिळणार आहे?"

"मढं नाही साहेब. तिचं काम आहे. जिवंत आहे."

"लेखात घालणार आहेस?"

"हो. कोणी आधी बघितलं, आणि कोणी न बघता नाही म्हटलं, दोन्ही."

"तुझ्या नावाला बट्टा लागेल, त्याचं काय?"

"इस्त्री करणारी बाई आहे मी," म्हटलं, "डाग कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा ते आता तरी कळायला हवं."

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. तुला ते माहीतच आहेत. त्यांचं "बघू" म्हणजे हो, आणि "हो" म्हणजे बघू. "बघू" म्हणाले.

तुझ्या भावालाही सांगितलं. भांडी पुसत होता. सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं मी दर रविवारी थंडीवाऱ्यात बाल्कनीत उभा राहतोय, ते तू अर्धा तास लवकर घरी आलीस म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला, आणि पातेलं पुसून जागेवर ठेवलं. मग थोड्या वेळानं आतून आवाज आला, "निदान शाल तरी द्यायचीस."

त्याला राग आला नाही असं नाही. दोन दिवस तो मोजकंच बोलला. पण माझ्या अंगावरून काहीतरी उतरलंय. ती शेपटीवाली एकशे सत्तर चित्रं मी कचऱ्यातून काढून चार हजारांत घातली आहेत, आणि इस्त्रीला पहिलीच्या वर्गापासून पुन्हा शिकवायला बसवलंय. ती शिकते आहे. तक्रार नाही. मलाही तिच्यासारखं व्हायला जमलं असतं तर!

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी अधूनमधून लिहीन. आता सवय लागली.

वहिनी


२ मार्च

वन्सं,

तुझं कार्ड आलं. भाचीनं पेटीतून काढलं आणि जिना चढता चढता मोठ्यानं वाचलं, त्यामुळे शेजारच्यांनाही आता माझी सगळी हकिकत माहीत आहे. तू लिहिलेलं मी पुन्हा इथे उतरवते, कारण मला ते लिहायला आवडतंय:

"वहिनी, रिकामा रकाना मी त्याच दिवशी बघितला होता. बैठक संपल्यावर सरळ जाऊन रजिस्टर उघडलं. बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. कायम झालेली नव्हती, आणि पोर सहा महिन्यांची. गप्प बसले, पण शेजारी बसून गप्प बसणं जमेना, म्हणून गेले. मुलींना शिकवायला मला आवडतं, तेव्हा माझी फार कीव करू नकोस. नव्वदनं फिरवलंस ते गाढवपणाचं. कॅमेरा चित्र आडव्या-उभ्या चौकोनांत मांडतो, तुझ्या शेपट्याही आडव्या-उभ्या, तिथे चौकोनाची कडाही शेपूट वाटते. पस्तीसनं फिरव. आणि आकडा लिही."

वन्सं, मी कार्ड घेऊन न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. अकरा वर्षं मला वाटत होतं की तुला फसवून आपण सुटलो. आणि तू माझ्यासाठी तोंड मिटून गाव बदललंस. तुझ्यावर चिडावं का तुझे पाय धरावेत कळेना. शेवटी पोरीनं दार वाजवलं, "आई, पाणी वाया जातंय," तेव्हा उठले.

आज सकाळी पस्तीसनं फिरवलं. काकूंना मुद्दाम बोलावलं होतं, साक्षीला. काचेच्या बशीत पिल्लू गाढ झोपलेलं, त्याचं हृदय पडद्यावर टिकटिक करत होतं. मी चकती हळूहळू वळवली. दहा. वीस. शेपट्या पेशींबरोबर वळत गेल्या, सगळ्या, जशी वळणावर आगगाडी वळावी. पस्तीसला थांबले. तिरक्या. चौकोनांशी काही संबंध नाही, लेन्सशी काही संबंध नाही. एका पेशीनं दुसरीला धरलेलं, अगदी बारीक, पण धरलेलं.

काकू म्हणाल्या, "मग? मी काय म्हणत होते?" आणि डोळ्यांना पदर लावून, टाकीचं पाणी उडालं म्हणून मला सांगून, निघून गेल्या.

नव्यानं शिकलेल्या इस्त्रीखालून तेच चित्र काढलं. सुरकुत्या गेल्या. शेपट्या राहिल्या. तुझी जुनी चित्रंही काढली. त्यातल्याही राहिल्या. इतक्या स्पष्ट, की तू त्या तेव्हाच्या धुरकट चित्रांत कशा ओळखल्यास याचं मला आता नवल वाटतं.

मग निळं रजिस्टर काढलं. तूच शिकवलं होतंस, चुकलेलं खोडून काढायचं नाही, कागद लावायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी "बदल नाही" वर एक रेघ मारली. वर लिहिलं, "शेपट्या नमुन्याबरोबर फिरल्या." रकान्यात लिहिलं, ३५. आजची तारीख घातली, सही केली. माझी जुनी सही आणि नवी सही आता एकाच ओळीत आहेत. जुनी किती ऐटीत आहे बघ, शेवटी मोठा फराटा. नवीला फराटा नाही.

त्या ओळीत शेवटचा रकाना अजून मोकळा आहे. "तपासणाऱ्याची सही." काकू करते म्हणत होत्या, साहेबही करतील. मी दोघांना नको म्हटलं. लेखाचा मसुदा तयार आहे. त्यावर पहिलं नाव तुझं आहे, आणि तू वाचून "गाढवपणा" असं कुठे कुठे लिहितेस ते बघितल्याशिवाय मी तो पाठवणार नाही. तुझ्या शाळेला पुढल्या आठवड्यात चार दिवस सुट्टी आहे, हे मला तुझ्या भावाकडून कळलं. परवा रविवारी तो फोन घेऊन बाल्कनीकडे निघाला, दारापाशी थांबला, आणि परत येऊन माझ्याशेजारी सोफ्यावर बसून बोलला. तू काय म्हणालीस ते मला सगळं ऐकू आलं. सर्दी झाली आहे तुला. आलं घाल चहात.

पिल्लू चार दिवसांनी मोठं होईल, मग कल्ल्यामागचं एवढं स्पष्ट दिसणार नाही. पण काकूंनी तुझ्यासाठी नवी अंडी वेगळी काढून ठेवली आहेत, तारीख मोजून. मी स्टूल स्क्रू फिरवून पुन्हा वर नेलं आहे, तुझ्या उंचीला. तू येईपर्यंत त्याच्यावर मीच बसते आहे, आणि माझे पाय लोंबकळतायत.

तुझी,
वहिनी